निळ्या कापडावरची नऊ घरं

आधी माफी मागतो. माझं शिक्षण आठवीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, तेवढ्या सांभाळून घ्या. भारी शब्द मला येत नाहीत, तेव्हा जे घडलं ते साध्या शब्दांतच सांगतो. बोलताना मी अडखळतो, समोर बसवून सांगायला लावलं असतं तर एक वाक्य धड बोललो नसतो. कागदावर जरा धीर येतो.

चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसून सुई चालवायला लागली की किस्से साचत जातात. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, तोंड तेवढं मोकळं! कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो गॅसवाल्याचा सांग ना!" मग पुन्हा सगळा सांगायचा, पुन्हा सगळे हसणार. हल्ली हसून झालं की खोली एकदम गप्प होते. कारण आधीच सांगून टाकतो. नलूताईंचे डोळे जात होते, आणि त्यांचं एक कापड पुरं व्हायचं होतं. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मधलं आहे.

* * *

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी. आम्ही तळमजल्यावर, नलूताई आमच्या बरोबर वर. त्यांचे यजमान अण्णा बोटीवर इंजिनिअर होते. मधे कंपनीने त्यांना दोन वर्षं जपानला, कोबेच्या ऑफिसात ठेवलं होतं. तिथे शेजारच्या एका बाईंकडून नलूताई साशिको शिकल्या.

साशिको म्हणजे जाड निळं कापड घ्यायचं आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालायचा. बस्स! पण त्या धावदोऱ्यातून लाटा होतात, खवले होतात, चांदण्या होतात. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. गाठ मारायची नाही. सुईवर चार-पाच टाके भरायचे, दोरा ओढायचा, मग बोटाने कापड सपाट करायचं. कोपऱ्यावर वळताना दोरा किंचित ढिला सोडायचा, नाहीतर कापड आकसतं.

सुलूमावशी पहिल्या रविवारी आल्या तेव्हा नलूताईंनी त्यांना हे सगळं नीट समजावलं. सुलूमावशी मालवणकडच्या, मागच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या. यजमानांची गिरणी बंद पडल्यापासून त्या ऑफिसवाल्यांचे डबे करायच्या. त्यांनी कापड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, ही तर आमची वाकळ! ह्या शिकूक जपानाक कित्याक जाऊक होया?"

नलूताई शांतपणे म्हणाल्या, "मावशी, त्यांच्याकडेही ही थंडीसाठीच असते. फक्त थंडीत कुडकुडताना त्यांना फुलं पण बघायची असतात."

सुलूमावशी त्या दिवसापासून एकही रविवार चुकल्या नाहीत.

* * *

मी यात कसा आलो?

मी एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर होतो. एकदा डाव्या हाताची दोन बोटं सापडली. तुटली नाहीत, पण वाकेनात. डॉक्टर म्हणाले, बोटं सतत हलवत राहा. कशी हलवायची ते काही सांगितलं नाही. मी जिन्यात बसून रिकामी बोटं हलवत होतो, तेव्हा नलूताई भाजी घेऊन वर चालल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हवेत काय टाके घालतोयस? वर ये. सुई धर."

वर प्रभाताई बसल्या होत्या. प्रभाताई शाळेत गणित शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हा? हा साशिको करणार?"

"का? त्याला हात नाहीत?" नलूताई म्हणाल्या.

"आहेत, पण एक चालत नाही."

"तुझे दोन्ही चालतात, तरी तुझी ओळ वाकडीच!"

झालं. मी बसलो. तोंड वर करून बोलायला मला दोन महिने लागले, पण बोटं त्याआधीच वाकायला लागली.

कारखान्यात मी हे लपवलं होतं. एकदा डब्याच्या पिशवीतून निळं कापड बाहेर पडलं आणि सगळ्यांनी बघितलं. "काय रे, रुखवत करतोस काय?" फोरमन तर म्हणाला, "बोटं प्रेसमधून वाचली, आता सुईने भोकं पाडून घेतोय!" आठवडाभर मला सगळे 'वहिनी' म्हणत होते.

* * *

आता गॅसवाल्याचा.

त्या दिवसांत सिलिंडर सांगून ठेवलं की आठवडेच्या आठवडे वाट बघायची. एका रविवारी सुलूमावशी मांडीवर कापड घेऊन अगदी रंगात येऊन टाके घालत होत्या. खालून आवाज आला, "गॅऽऽस!" सिलिंडर त्यांच्या बिल्डिंगखाली आलं होतं. घरी कुणी नाही म्हणून परत गेलं असतं तर डब्यांची वाट लागली असती. मावशी उठल्या आणि धावल्या.

कापडही धावलं! मावशींनी तासभर कापड आणि स्वतःची साडी एकत्र शिवली होती. पुढे हातभर निळं कापड लोंबतंय, त्यावर पांढऱ्या लाटा, टोकाला सुई झुलतेय, आणि मावशी चपला न घालता आवारातून पळतायत.

गॅसवाल्याने वरपासून खालपर्यंत बघितलं. "मावशी, ये नवीन फॅशन है क्या?"

"होय," मावशी म्हणाल्या, "जपानची असा. सिलिंडर ठेव!"

आम्ही गॅलरीतून बघत होतो. नलूताई तर इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. आत येऊन त्यांनी पाण्याच्या पेल्यासाठी हात लांब केला आणि पेला सांडला. आम्ही अजून हसलो. मी दुसरा पेला भरून त्यांच्या बाजूला ठेवला. तोही सांडला.

प्रभाताई म्हणाल्या, "अगं, हसणं पुरे, बघ जरा!"

"बघतेच आहे," नलूताई म्हणाल्या. त्यांचं हसणं थांबलेलं होतं.

* * *

त्याला काचबिंदू म्हणतात. बाजूचं दिसणं आधी जातं. समोरचं दिसत राहतं, पण नळीतून बघितल्यासारखं, आणि ती नळी बारीक होत जाते. डॉक्टरांनी थेंब दिले. गेलेलं परत येणार नाही, आणि उशीर इतका झालाय की उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही, असं म्हणाले.

नलूताईंनी आम्हाला हे सुई ओवता ओवता सांगितलं. प्रभाताई गणिताच्या. त्या एकदम म्हणाल्या, "टक्के किती उरलंय म्हणाले?"

"पस्तीसच्या खाली गं. तुझ्या शाळेत मी नापास!"

"मी ग्रेस मार्क देत नाही, माहितीये ना?" असं म्हणून प्रभाताई गॅलरीत गेल्या. वाळत घातलेले कपडे बराच वेळ चाचपत राहिल्या. कपडे नलूताईंच्या घरचे होते आणि सकाळीच वाळलेले होते.

* * *

आता त्या कापडाचं सांगतो.

कोबेला असताना नलूताईंनी एक मोठं कापड सुरू केलं होतं. पलंगावर अंथरायचं. त्याची नऊ घरं आखलेली, प्रत्येक घरात वेगळी नक्षी. मुलांची शाळा, सासूबाईंचं आजारपण, अण्णांच्या बदल्या, या सगळ्यांत ते वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून राहिलं होतं. डॉक्टरांकडून आल्यावर त्यांनी ते बाहेर काढलं. सहा घरं भरलेली होती.

"मला हे एकदा पुरं अंथरलेलं बघायचंय," त्या म्हणाल्या. "एकदाच. मग काय व्हायचं ते होऊ दे."

आम्ही म्हटलं, त्यात काय, चौघं मिळून महिन्यात उडवू. नलूताईंनी मान हलवली. एका कापडावर एकच हात चालतो, असं त्यांच्या कोबेच्या बाईंनी शिकवलं होतं. प्रत्येकाचा टाका वेगळा, प्रत्येकाची ओढ वेगळी. दुसऱ्याचा हात लागला की कापडावर दिसतो.

प्रभाताईंना हे पटलं नाही. एकदा नलूताई चहा करायला आत गेल्या तेव्हा प्रभाताईंनी पटकन ते कापड ओढलं आणि अर्धी ओळ घालून टाकली. आम्हाला डोळ्यांनी दम दिला, गप्प बसा! टाके खरंच छान आले होते. मला तर फरक कळला नसता.

नलूताई आल्या, बसल्या, कापड मांडीवर घेतलं. कुठवर आलो होतो ते बघण्यासाठी ओळीवरून बोट फिरवलं. मधेच बोट थांबलं.

"प्रभा," त्या म्हणाल्या, "तुझ्या टाक्याला बस पकडायची असते. उसव."

प्रभाताईंनी उसवलं. अण्णा पेपरामागून म्हणाले, "मी लग्नाला तीस वर्षं झाली तरी तिच्या कपाटाला हात लावत नाही. तुम्ही कापडाला लावलात!"

* * *

संक्रांतीच्या सुमारास जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. सातवं घर नुकतंच भरून झालं होतं. अपुरं का असेना, द्या, लोक बघतील, असं आम्हीच म्हटलं. नलूताई नको म्हणत होत्या. शेवटी दिलं.

दुपारी गेलो. अण्णा नलूताईंना धरून दाराशी उभे राहिले, कारण आत गर्दी होती. आम्ही तिघं शोधायला आत शिरलो. मण्यांचा गणपती होता, क्रोशाचा हंस होता, थर्माकोलचा ताजमहाल होता, त्यात लाल बल्ब पेटत होता. आपलं कापड कुठेच नाही!

प्रभाताईंना सापडलं. हॉलच्या मागे एका लांब टेबलावर अंथरलेलं होतं. त्यावर बटाटेवड्यांची परात, चटणीचं पातेलं आणि परीक्षकांच्या बशा. तिथली बाई खूश होऊन म्हणाली, "तुमचं का हे? बरं झालं बाई, कुणीतरी आठवणीने टेबलक्लॉथ आणला!"

प्रभाताई तिला काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही. तेलाचा मोठा डाग पडला होता, सहाव्या घरात. सुलूमावशींनी कापड घडी करून छातीशी धरलं आणि मला म्हणाल्या, "तिका सांगू नको हां."

दाराशी आलो. नलूताईंनी विचारलं, "कुठे लावलं होतं रे?" प्रभाताई चष्मा पुसायला लागल्या. मग मीच बोललो, जन्मात पहिल्यांदा न अडखळता. "मधोमध. सगळे थांबून थांबून बघत होते."

त्या अण्णांना धरून चालायला लागल्या. घरी आल्यावर घडी उघडली, तोंडाजवळ नेली आणि वास घेतला.

"मधोमध होतं म्हणतोस," त्या म्हणाल्या, "आणि वडे?"

* * *

आठव्या घराला त्यांना आखलेल्या रेघा दिसेनाशा झाल्या. मी पांढरी पेन्सिल दाबून दाबून काढायचो, तरी नाही. मग त्यांना आठवलं की कोबेच्या बाई हाडाच्या एका चपट्या पट्टीने कापडावर रेघ दाबायच्या. दाबलेली रेघ बोटाला लागते.

मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पितळेच्या तुकड्यातून तशी पट्टी घासत बसलो. फोरमनने मागून येऊन धरलं. "हे काय? कंपनीच्या मालातून घरचं काम?"

मी सांगितलं. मोठं वाक्य होतं, मधे तीनदा अडकलो. त्याने पट्टी हातात घेतली, डोळ्यासमोर धरली आणि म्हणाला, "कडा गोल नाही केल्यास. कापड कापेल बिचारीचं." मग स्वतःच बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, धरून तिला चकाकी आणून दिली.

नलूताईंनी पट्टी हातात फिरवली. "कशी आहे दिसायला?" त्यांनी विचारलं.

"सोन्यासारखी," मी म्हटलं.

"मग अण्णांना दाखवू नकोस. त्यांनी मला कधी सोनं घेतलं नाही."

आतून अण्णांचा आवाज आला, "ऐकतोय मी!"

* * *

अण्णांचंही एक आहे.

पावसाळ्यात दुपारीच अंधारून यायचं. अण्णांनी ठरवलं की हिला उजेड कमी पडतो. डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं की प्रश्न उजेडाचा नाही. पण जन्मभर इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, त्याला काहीतरी दुरुस्त करायचंच होतं. ते कुठूनसा बोटीवर असतो तसला जाळीचा भलामोठा दिवा घेऊन आले. एका रविवारी संध्याकाळी टेबलावर चढून तो टांगला आणि बटण दाबलं.

फट्! आमच्या अख्ख्या बिल्डिंगची लाइट गेली. टीव्हीवर पिक्चर चालू होता, बरोबर शेवटाकडे आलेला. पाच मिनिटांत दारात सगळी सोसायटी. सेक्रेटरी टॉर्च घेऊन पुढे. "अण्णा, हिरो मरणार होता की वाचणार होता, हे आता आम्हाला कोण सांगणार?"

अण्णा टेबलावर उभे, हातात पक्कड, मान खाली. मागे कुणीतरी हसलं. मग सेक्रेटरीने टॉर्च खोलीत फिरवला आणि सगळेच गप्प झाले. कोपऱ्यात नलूताई शिवत बसल्या होत्या. सुई भरायची, दोरा ओढायचा, बोटाने कापड सपाट करायचं. हात क्षणभरही थांबला नव्हता.

"लाइट गेली होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हीच सगळे गप्प बसलात."

लोक हळूहळू निघून गेले. अण्णा बराच वेळ टेबलावरून खाली उतरले नाहीत.

* * *

दसऱ्याच्या आधीचा रविवार. नववं घर, आणि त्यातली अगदी शेवटची ओळ राहिली होती. मधूनमधून समोरचं थोडं दिसायचं, असं नलूताई म्हणायच्या. किती ते कधी सांगायच्या नाहीत.

सुलूमावशींनी शिरा करून आणला होता. प्रभाताईंनी सुई ओवून दिली. आम्ही आपापली कापडं घेतली होती, पण टाका कुणीच घालत नव्हतं.

नलूताईंनी दाबलेल्या रेघेवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. पहिले टाके भरले आणि सुई ओढली तेव्हाच दोरा सुईतून निसटला. मी बघितलं. प्रभाताईंनी बघितलं, त्यांचा हात अर्धवट उचलला गेला आणि तसाच राहिला. दोरा नलूताईंच्या मांडीवर पडला, तिथून घसरून फरशीवर गेला.

नलूताई थांबल्या नाहीत. पुन्हा सुई भरली, ओढली, बोटाने कापड सपाट केलं. पुन्हा भरली. रिकामी सुई एकेक दाणा घेत पुढे जात होती आणि मागे निळं कापड निळंच राहत होतं. सुलूमावशींनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी पेपर बाजूला ठेवला होता, ते सुईकडेच बघत होते. पंखा तेवढा फिरत होता. कुणीतरी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. खरं सांगतो, आणायचाही नव्हता.

कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी हात नेहमीसारखा सैल सोडला. वळल्या. ओळ संपवली. सुई कापडातून काढली आणि गादीच्या कडेला टोचून ठेवली.

"झालं," त्या म्हणाल्या. "अंथरा."

मी आणि अण्णांनी दोन-दोन टोकं धरून ते पलंगावर अंथरलं. प्रभाताईंनी सुरकुत्या काढल्या. नऊ घरं, लाटा, खवले, चांदण्या, सहाव्यात तेलाचा डाग, आणि नवव्याच्या कडेला वीतभर कोरं निळं. नलूताई दारात येऊन उभ्या राहिल्या. चौकटीला धरून. बराच वेळ उभ्या होत्या.

"दिसतंय?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता.

"सगळं दिसतंय," नलूताई म्हणाल्या.

"बरा झाला गो, नलू," सुलूमावशी म्हणाल्या आणि शिरा वाढायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी, मी माझं कापड घेऊन खिडकीत बसलो. सुई घेतली, दोरा ओवला नाही. डोळे मिटले. चार टाके भरले आणि सुई ओढली. दोऱ्याची ओढच नव्हती, हात इतका हलका आला की मी डोळे उघडून बघितलं. मग पुन्हा मिटले आणि ओळ शेवटपर्यंत नेली.